दोन डिग्रींनी हरलेला ब्लॉक

लतीफभाईंना एखादी गोष्ट चांगली आहे असं नुसतं सांगायची सोय नव्हती. आपण सहज म्हणावं, "आज चहा चांगला झालाय," की ते हातातला कप खाली ठेवत आणि विचारत, "कशापेक्षा?" विचारण्यात खवचटपणा मुळीच नसे. त्यांना खरंच उत्तर हवं असे. कालच्या चहापेक्षा, की समोरच्या टपरीवरच्या चहापेक्षा, हे कळल्याशिवाय ते वाक्य पुरं झालं असं त्यांना वाटतच नसे. घरी ते दखनी बोलत, ऑफिसात मराठी आणि मुंबईच्या डीलरशी फोनवर हिंदी. पण हा एक शब्द तिन्ही ठिकाणी मराठीच राही. डीलर म्हणे, "ये माल बहुत अच्छा है, लतीफभाई." इकडून "कशापेक्षा?" जाई आणि पलीकडचा डीलर नुसता "क्या? क्या?" करत राही.

मी एकदा केस बरेच आखूड कापून ऑफिसात गेले. सगळे छान छान म्हणाले. लतीफभाईंनी मान वर करून नीट पाहिलं. "आधीपेक्षा कमी हायेत," म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

सिडकोतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक दीक्षित सर आणि त्यांची आई वरच्या मजल्यावर राहत. आईंना सगळे अक्का म्हणत. अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म बिल्डरांना करून देणं, हा आमचा धंदा. शहर तेव्हा बीड बायपास ओलांडून, सातारा परिसरात, मोकळं रान दिसेल तिकडे पसरत चाललं होतं, आणि प्रत्येक बिल्डरला स्विमिंग पूल हवा असे. जमिनीवर नव्हे, फिल्ममध्ये. त्या वर्षी पाऊस झाला नव्हता आणि आदल्या वर्षीचाही धड म्हणावा असा नव्हता. नळाला आठवड्याने पाणी येई, कधी त्याहूनही उशिरा. मधल्या दिवसांत टँकर. आम्ही मात्र सकाळपासून निळंशार पाणी तयार करत बसलेलो असायचो. संगणकाला सगळ्यात जड जातं ते पाणीच. प्रत्येक लाट, लाटेवरचं ऊन, उन्हातली बाल्कनी, सगळं त्याला मोजून काढावं लागतं. भिंती तो चटकन उरकतो, पण पूल आला की दिवस दिवस धापा टाकतो.

या संगणकांचे पालक म्हणजे लतीफभाई. मूळचे पिशोरचे. शाळा मराठीतून, मग शहरात येऊन इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. उंच, सडपातळ, भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. शर्टाच्या खिशात एक छोटी डबी आणि त्या डबीत मुगाचा एक दाणा. दाण्याचं काम पुढे येईल.

तुलनेची त्यांची एक शिस्त होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी. एकदा त्यांनी छावणीच्या बाजारातून दोन माठ आणले, एक काळा, एक तांबडा. दोन्ही एकाच खिडकीत, सारख्या तिवयांवर, सारखं पाणी भरून ठेवले आणि दोन्हींत थर्मामीटर सोडले. निकाल लागेपर्यंत माठांना हात लावायचा नाही, अशी ताकीद. बाहेर अंगाची लाही होत होती, खिडकीत दोन माठ भरलेले होते आणि आम्ही बाटलीतलं कोमट पाणी पीत होतो. आठवड्याने तांबडा माठ जिंकला. त्याच दुपारी कोणाची तरी खुर्ची लागून तो फुटला. मग आम्ही काळ्यातलं पाणी प्यायलो. चांगलं होतं. पण तसं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

एप्रिल लागला की आमची मशिनं तापून बंद पडायला लागत. आत पंखे होते, पण ते खोलीतलीच गरम हवा प्रोसेसरवर मारत. एसी लावला की वीज दगा देई. कूलरला पाणी द्यायला अक्का तयार नव्हत्या. बायपासचा एक बिल्डर रोज फोन करून विचारी, पूल कुठवर आला. पूल पायऱ्यांपर्यंत आलेला असे आणि तिथेच मशीन बसलेलं असे.

तेव्हा लतीफभाईंनी पाण्यावर गार होणारी मशिनं करायचं ठरवलं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक पोकळ चौकोन बसवायचा, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. त्याच्या पोटात बारीक नाल्या कोरलेल्या असतात. छोटासा पंप त्या नाल्यांतून पाणी फिरवतो. पाणी उष्णता घेऊन बाहेरच्या जाळीत जातं, तिथे पंख्याने गार होतं आणि परत आत येतं. त्या चौकोनाला ब्लॉक म्हणतात आणि सगळी करामत त्याच्या पोटात असते. पाणी मात्र साधं चालत नाही, क्षार काढलेलं लागतं. आपल्याकडे त्याला बॅटरीचं पाणी म्हणतात. लतीफभाईंनी जाफर गेटहून त्याचा कॅन आणला.

कॅन आत येताना अक्कांनी पाहिला.

"माणसांना प्यायला नाही आणि तू मशीनला पाणी पाजतोस का रे लतीफ?"

"पाजत नाय अक्का. तांब्याभर लागतंय. तेच ते आतल्या आत फिरतंय."

"पीत नाही ते?"

"नाय."

"मग शेवटी ते पाणी मिळतं कोणाला?"

लतीफभाईंनी विचार केला. "कुणालाच नाय," ते म्हणाले.

"म्हणजे वायाच," अक्का म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

आता युनूसबद्दल सांगायला हवं. युनूस लतीफभाईंचा धाकटा भाऊ. दोघं भाऊ अम्मीसोबत एकाच घरात राहत. युनूसचं चिकलठाण्याला छोटंसं वर्कशॉप होतं, एक लेथ आणि एक धातू कोरायचं मिलिंग मशीन. गाड्यांचे सुटे भाग तो करून देई. ते काम आटत चाललं होतं. मिलिंग मशीन विकून पुण्याला कोणाच्या तरी कारखान्यात नोकरी धरायची, नाहीतर इथेच राहून काही नवं उभं करायचं, असे दोनच रस्ते त्याच्यापुढे होते. आणि त्याला जायचं नव्हतं. भावाकडून त्याने ब्लॉकबद्दल ऐकलं आणि चार दिवसांत तांब्याचा एक ब्लॉक स्वतः कोरून आणला. दीक्षित सरांनी तो हातावर तोलून पाहिला. लतीफभाईंनी पास केला तर आपल्या सगळ्या मशिनांना हाच बसवू, म्हणाले, आणि पुण्या-नाशकाच्या ओळखीच्या स्टुडिओंनाही सांगू. जाताना युनूस व्हरांड्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरला.

स्पर्धेत तीन ब्लॉक होते. एक स्वस्तातला अॅल्युमिनियमचा, तो लतीफभाईंनी न तपासताच बाद केला. आमच्या जाळ्या तांब्याच्या होत्या. "एका पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम नांदत नाय. एक दुसऱ्याला खातंय," ते म्हणाले. उरले दोन. एक परदेशी, केसाएवढ्या बारीक नाल्यांचा. दुसरा युनूसचा, नाल्या रुंद, पण तळ आरशासारखा घासलेला.

मग मुगाचा दाणा बाहेर आला. प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामध्ये उष्णता नेणारी पेस्ट लावावी लागते. ती कमी पडली की ब्लॉक उगाच हरतो. पेस्ट दाण्याशी पडताळून, मुगाएवढीच, प्रत्येक वेळी. स्क्रू तिरके-तिरके आवळायचे, तेही ठरल्या क्रमाने. आणि चालवायचं काय, तर बायपासवाल्याचा पूल, त्यातली तीच ती पायरीपाशी अडलेली दृश्यं.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. "ताई, या दोन सारख्या मशिनांना ब्लॉक तुम्ही बसवा. वरून हे रुमाल टाका. कोणता कोणता ते मला सांगू नका."

"का हो?"

"एक माझ्या भावाचा हाय," ते म्हणाले.

म्हणून मी बसवत असे आणि ते खोलीबाहेर पाठ करून उभे राहत. नंतर आत येऊन रुमालाकडे न पाहता आकडे घेत. खोलीचं तापमान मोजून त्यातून वजा करत. मध्येच कोणी दार उघडं ठेवलं तर शांतपणे म्हणत, "रद्द," आणि सगळं पहिल्यापासून. असं बरेच दिवस चाललं. बिल्डर फोन करत होता. दीक्षित सरांनी त्याला पुलाच्या पाण्याची चाचणी चालू आहे असं सांगितलं, आणि ते तसं खोटं नव्हतं.

शेवटच्या दिवशी फळ्यावर दोन आकडे होते. दोन डिग्रींचा फरक. लतीफभाईंनी हरलेल्या मशीनपाशी जाऊन स्वतः रुमाल उचलला. खाली युनूसचा ब्लॉक होता. त्यांनी रुमालाची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

"दोनच डिग्री ना?" दीक्षित सर म्हणाले. "बरोबरीत धरा की. भाऊ आहे तुमचा."

"दोन म्हंजे दोन, सर. मे महिन्यात मशीन याच दोन डिग्रीवर बंद पडतंय."

मला त्यांचा राग आला. चांगलाच आला. सख्ख्या भावावर गाव सोडायची पाळी आलेली, आणि हा माणूस दोन डिग्री धरून बसलाय. न राहवून मी म्हटलं, "लतीफभाई, कधीतरी माणसाने थोडं चांगलं वागावं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार. पण त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही.

संध्याकाळी युनूस आला. दारातूनच म्हणाला, "कित्ता?"

"दो."

"दोच?" युनूस हसला.

"हौ. पन उल्टी तरफ."

युनूसचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढून घ्यायला त्याला थोडा वेळ लागला. लतीफभाईंनी ब्लॉक पुढे केला. त्याने तो घेतला नाही. "रखो. कागदां पे रखने कू काम आता," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. घर एक, दस्तरखान एक, मध्ये अम्मी. युनूस म्हणे, "अम्मी, भाई कू बोल, सालन में नमक कम है." अम्मी ते लतीफभाईंना सांगे, कारण स्वयंपाक बहुतेक तेच करत. लतीफभाई म्हणत, "अम्मी, उसकू पूछ, कशापेक्षा?" यावर युनूस जेवण तसंच टाकून उठे. हे सगळं लतीफभाईंनीच मला डब्याच्या वेळी सांगितलं, हवामान सांगावं तसं. "अम्मीला लई काम पडतंय," एवढीच पुस्ती त्यांनी जोडली. त्यांचा डबा त्या दिवसांत अर्धा परत जात असे.

परदेशी ब्लॉक मागवले गेले, सगळ्या मशिनांना बसले. कोपऱ्यात एक जुनं मशीन होतं, त्याच्यावर कोणी फारसं काम करत नसे. लतीफभाईंना तांबं नुसतं पडलेलं पाहवेना. त्यांनी युनूसचा ब्लॉक त्या मशीनला लावून टाकला.

मशिनं त्या उन्हाळ्यात तरली. पाऊस पुन्हा रुसला. पुढचा उन्हाळा उजाडला तो हिवाळा संपायच्या आधीच. युनूसने पुण्याची नोकरी पक्की केली, मिलिंग मशीनला वाळूजचं गिऱ्हाईक लागलं. ही बातमीही लतीफभाईंना अम्मीकडूनच कळली.

पाण्याचा दिवस आमच्या शहरात कसा असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. नळ सुटला की घरातलं जे जे म्हणून पोकळ आहे ते ते भरलं जातं. हंडे, बादल्या, कुकर, डबे. अक्कांची पद्धत अशी की नळाचं नवं पाणी हंड्यांत घ्यायचं आणि हौदातलं जुनं, टँकरचं, ओतून द्यायचं नाही, कुठे ना कुठे कामी लावायचं. झाडांना, फरशीला, संडासाच्या टाकीला. पाणी सकाळी लवकर येई, ऑफिस उघडायच्या आत. आणि ऑफिसात, टेबलांखाली, अक्कांना मशिनांत फिरणारं पाणी साठवणाऱ्या, काचेसारख्या पारदर्शक नळकांड्या ओळीने दिसत. प्रत्येकीत पाणी काठापासून बोटभर खाली गेलेलं.

इकडे लतीफभाई दर आठवड्याला त्या नळकांड्या तपासत आणि समाधानाने मान हलवत. "जोडणी पक्की बसली. पाणी काही उडून जात नाय," ते मला म्हणाले होते. "कशापेक्षा?" असं मी विचारलं होतं. "मागच्या उन्हाळ्यापेक्षा," ते म्हणाले. उत्तर तयार होतं.

मे महिन्यात पहिलं मशीन बंद पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग एकामागून एक सगळीच, आणि तीही पुलाच्या पाण्यातच. लतीफभाईंनी एक ब्लॉक उघडला. केसाएवढ्या नाल्या दिसतच नव्हत्या. पाणी तापवायच्या रॉडवर बसतो तसा पांढरा थर, त्यात तांबडा गाळ. तो त्यांनी बोटाने खरवडला आणि बोट बराच वेळ उजेडात धरून पाहिलं.

अक्का वरून ताकाचा तांब्या घेऊन आल्या होत्या. उघडलेलं मशीन पाहून म्हणाल्या, "काय झालं रे? पाणी तर मी दर वेळी भरते याच्यात."

लतीफभाईंनी बोट खाली घेतलं.

"कोणतं पाणी, अक्का?" लतीफभाईंनी विचारलं.

"हौदातलं. नळाचं कशाला घालू? ते प्यायचं." मग आमच्या तोंडांकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "कमी दिसलं म्हणून भरलं रे. कमी दिसलं की भरायचं नाही का?"

दीक्षित सर काही बोलायच्या आत लतीफभाई म्हणाले, "बरोबर केलं तुम्ही." आणि मग एकदम थांबले. कोपऱ्यातून पंख्याचा आवाज येत होता. जुनं मशीन चालू होतं. त्यावर त्या आठवड्यात नाइलाजाने पूल चढवलेला होता आणि तो पायऱ्या ओलांडून पुढे गेला होता.

"अक्का, याच्यातबी भरलं?"

"भरलं की. त्याच्याशी दुजाभाव कशाला करू?"

लतीफभाईंनी तो ब्लॉक उतरवून उघडला. थर त्यातही होता. पण नाल्या रुंद होत्या आणि थराच्या बाजूने पाण्याला जायला वाट राहिली होती. ते खुर्चीवर बसले. एवढी वर्षं मी त्यांना कामाच्या वेळात रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "मी सगळं सारखं ठेवलं. पेस्ट, स्क्रू, पूल. पाणी तेवढं बॅटरीचं घेतलं. इथं कुणाच्या घरात बॅटरीचं पाणी येतंय? मी ब्लॉक तपासले. गाव तपासलंच नाय." शर्टाच्या खिशातली डबी त्यांनी काढली आणि टेबलावर ठेवून दिली.

दीक्षित सरांनी तिथल्या तिथे ठरवलं, युनूसकडून सगळ्या मशिनांचे ब्लॉक करून घ्यायचे. आणि मला सोबत जायला सांगितलं. "ऑर्डरचं तुम्हीच बोला. हे एकटे गेले तर दोन डिग्रींपासून सुरुवात करतील."

चिकलठाण्याला पोचलो तेव्हा वर्कशॉपच्या दारात टेम्पो उभा होता. वाळूजचा माणूस मिलिंग मशीनला दोर बांधून घेत होता. युनूस बाजूला भिंतीला टेकून बघत होता. आम्हाला पाहून त्याने मला नमस्कार केला. भावाकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडलं, पण लतीफभाई आधी बोलले.

"तेरा ब्लॉक दो डिग्री से हारा था."

मी डोळे मिटून घेतले.

"आज बी हारेलाच है," लतीफभाई म्हणाले. "पन चालू है. बाकी सब बंद पडे."

दोर बांधणारा माणूस थांबला.

"टँकर के पानी में एकच टिका. तेरा. मैं ने गलत पानी में मोजा." लतीफभाईंचा आवाज नेहमीचाच होता, पण बाहीचं बटण ते उगाच काढत होते, लावत होते. "आठ ब्लॉक होना. जल्दी होना. बाद में पुना, नाशिक. उधर बी पानी के बुरे हाल हैं."

युनूस म्हणाला, "भाई, चौडी नाली मैं अकल से नई रखा. बारीक कटर टूटा था."

"मालूम है. निशान दिखरे थे."

"साहब कू बोला?"

"बोला."

"फिर?"

"बोले, नया कटर लेने नक्को देना."

युनूसने खाली पाहिलं. मग मशीनपाशी गेला आणि दोराची गाठ सोडायला लागला. वाळूजचा माणूस चिडला, बोलला, शेवटी रिकामा टेम्पो मागे घेत निघून गेला. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच त्या टेम्पोला हात केला.

त्याच वर्षी लग्न होऊन मी नाशिकला गेले. युनूसचं वर्कशॉप चालू आहे, ब्लॉक बाहेरगावी जातात, असं अधूनमधून कानावर येतं. पण लतीफभाई म्हटलं की मला ती दुपार आठवते. सोडलेला दोर तसाच जमिनीवर पडलेला. लतीफभाईंनी डबा उघडून मिलिंग मशीनच्या पाटावर ठेवला आणि तीन भाकरी तिघांत वाटल्या. दोघं भाऊ समोरासमोर बसले. अम्मी घरी होती, सांगायला मध्ये कोणी नव्हतं.

युनूसने पहिला घास घेतला. चावत राहिला.

"नमक कम है," म्हणाला.

लतीफभाईंचा हात डब्यावर थांबला. "कशापेक्षा?"

युनूसने विचार केला. अगदी मनापासून केला.

"कल से."

लतीफभाईंनी बोटाने सालन चाखून पाहिलं. "हौ," ते म्हणाले, "कल से कम है," आणि जेवायला लागले.